अकरा नंबरच्या प्लॉटचा कोपरा

परकार सरांनी चहाचा कप पूर्ण संपवलेला मी कधी पाहिला नाही. आमच्या कृषी महाविद्यालयाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत सर कुठे आहेत हे शोधायचं असेल तर अर्ध्या कपांच्या मागावर जायचं. एक कप ऑफिसच्या खिडकीत, एक पंपाच्या खोलीच्या पायरीवर, एक थेट भाताच्या बांधावर, त्यात एखादा नाकतोडा पडलेला. शेवटच्या कपापासून वीस पावलांवर सर सापडायचे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात आणि ओठ हलतायत. ओठ हलतायत म्हणजे ते काहीतरी मोजतायत. अशा वेळी हाक मारायची नाही. मारली तर आकडा चुकायचा, मग पुन्हा पहिल्यापासून मोजणी, आणि या खेपेला शिक्षा म्हणून तुम्हीही शेजारी उभे.

कॉलेज म्हणावं असं तेव्हा तिथे काही नव्हतं. खालापूरच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याची एक लांब शेड, तिच्यात प्लायवूडच्या भिंती घालून केलेले तीन वर्ग, एक ऑफिस, आणि बाहेर शेडपेक्षा भारदस्त कमान. विद्यापीठाने कृषी पदवीचा अभ्यासक्रम नव्यानेच सुरू केला होता आणि आम्ही बत्तीस जण त्याची पहिली बॅच. पहिल्या बॅचला पुढे कोणीच नसतं. नोट्स कोणाकडे मागायच्या, कुठला पेपर अवघड जातो, पास झाल्यावर पुढे काय, काही म्हणजे काही विचारायची सोय नाही. त्यात प्रवेशाच्या वेळीच सांगून ठेवलेलं की तिसऱ्या वर्षी समिती येईल, शेत बघेल, प्रयोग बघेल, आणि तिने मान्यता दिली तरच या पदवीला सरकारी भरतीत किंमत. नाही दिली तर कागद फ्रेम करून घरी लावा. म्हणजे आपण शिकतोय ते जगाच्या लेखी खरं आहे की नाही, हे आमचं आम्हालाच ठाऊक नव्हतं. ती धाकधूक तीन वर्षं राहिली. वर्गात, डब्याच्या सुट्टीत, टमटमची वाट बघताना, कुठूनही बोलणं सुरू झालं तरी शेवटी समितीवर यायचं.

आजूबाजूला तर सगळं विकायलाच निघालं होतं. शेडच्या दोन्ही बाजूंच्या जमिनींना तारेची कुंपणं पडत होती, आत मातीचे रस्ते, रस्त्याच्या तोंडाशी हसऱ्या कुटुंबाचा फलक आणि खाली फोन नंबर. दर सोमवारी भाताचं एखादं खाचर नाहीसं झालेलं असायचं. मधल्या चौदा एकरांत आम्ही भात लावायला शिकत होतो.

पहिल्या दिवशी पालकही आले होते. प्राचार्यांनी भाषण सुरू केलं आणि मागे एक उंच, सावळा माणूस येरझाऱ्या घालू लागला. भाषण संपायच्या आत त्याने आम्हाला हाताने खुणावून बाहेर काढलं. ते परकार सर. बांधाशी उभं करून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "शेती कोण कोण करणार?"

एकही हात वर आला नाही. आमचे आईबाप आतमध्ये टाळ्या वाजवत होते आणि आम्ही बाहेर माना खाली घालून उभे.

"मग कशाला आलात?"

पांढरेशुभ्र बूट घातलेला एक मुलगा नेरळच्या नव्या इमारतींमधून आला होता. तो म्हणाला, "सर, स्पर्धा परीक्षा. कृषी अधिकारी व्हायचंय."

"बरं. खरं बोललास. साहेब झालास की पीक जागेवर जाऊन बघशील, का ऑफिसात बसून लिहिशील?"

"जाईन सर."

"मग आत्ता जा."

आणि तो मुलगा पांढऱ्या बुटांसकट चिखलात उतरला. आम्ही खो खो हसलो. दोन मिनिटांनी आम्हीही आतच होतो, नव्या कपड्यांत, आणि आता पालक दारात येऊन हसत होते.

'जागेवर जाऊन बघितलंस?' हा सरांचा प्रश्न पुढे आमच्या इतका अंगवळणी पडला की डबा संपलाय का असं विचारलं तरी कोणीतरी तो टाकायचंच. सरांना नावं लक्षात राहत नसत. ते आम्हाला गावावरून हाक मारायचे. ए चौक, इकडे ये. ए नेरळ, तुझी मोजणीची चौकट कुठंय? मी भिवपुरी. गाव कळलं की माती कळते, माती कळली की पोर कळतं, असं त्यांचं म्हणणं. ते स्वतः म्हसळ्याकडचे कोकणी मुसलमान, घरी वडिलांचा सुक्या मासळीचा व्यापार, आणि आता मोहोपाड्याला मेहुण्याकडे राहतात, एवढंच आम्हाला त्यांच्याबद्दल माहीत. त्यांची जुनी स्कूटर होती. खिशात सुतळीचा गुंडा, पत्र्याच्या बिल्ल्या आणि कानावर पेन्सिल. पेन त्यांना चालायचं नाही. शाई पावसात पळते, पेन्सिल राहते. परीक्षेचे पेपरही त्यांनी एकदा पेन्सिलीने तपासले होते, त्यावरून प्राचार्यांशी त्यांची चांगलीच जुंपली होती.

आणि हा माणूस बसायचा नाही. वर्गात खुर्ची होती, तिच्यावर त्यांची पिशवी बसायची. शिकवताना ते दारातून बाहेर जायचे, बोलत बोलत शेडला वळसा घालून दुसऱ्या दाराने आत यायचे. मधली दोन वाक्यं आम्हाला ऐकू येत नसत. ती परीक्षेत नेमकी यायची.

दुसऱ्या वर्षी आम्हाला गावोगावी शेतकऱ्यांकडे राहून कामाचा अनुभव घ्यायचा होता. मी आमच्याच गावात राहिले. बाबा तेव्हा वीजघरात कामाला होते आणि ड्यूटीच्या आधी-नंतर शेती करत. सर तपासणीला आले तेव्हा बाबा राबाची तयारी करत होते. पावसाआधी बियाण्याच्या जागेवर पालापाचोळा, शेण पसरायचं आणि भाजून काढायचं, ही आमच्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. कॉलेजच्या पुस्तकात मात्र भाजू नका असं ठळक अक्षरांत लिहिलेलं. बाबांनी सरांना बघितलं आणि सरळ तोंडावरच विचारलं.

"मास्तर, तुमी पोरांना शिकवता, राब भाजू नका. मंग तण कोन काढनार? तुमचं कालेज?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सर म्हणाले, "पुस्तकात तसं लिहिलंय खरं. तुमच्या शेतात काय होतं ते मला नाय माहीत."

"मंग?"

"मग अर्धा वाफा भाजा, अर्धा नका भाजू. मी येतो मोजायला."

बाबांना वाटलं, बोलून गेला, येतोय कुठला. सर भर पावसात तीनदा आले. लोखंडी चौकट वाफ्यात टाकून आतलं तण काडी-काडीने मोजलं, रोपांची उंची घेतली. आईने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी दिली ती उभ्यानेच खाल्ली. बाबांनी पाट मांडला होता, तो तसाच राहिला. ते गेल्यावर बाबा म्हणाले, "मानूस हुशार हाय, पन याच्या पायाला भिंगरी कोनी बांधली गं?"

त्या वर्षी बाबांचा भाजलेला अर्धा वाफा सरस निघाला. तण कमी, रोपं उंच. सरांनी वर्गात येऊन फळ्यावर आकडे लिहिले आणि म्हणाले, "भिवपुरीच्या बाबांचा वाफा जिंकला. यंदा पुस्तक हरलं. पुढल्या वर्षी पुन्हा बघू."

नेरळने विचारलं, "सर, मग परीक्षेत काय लिहायचं?"

"परीक्षेत पुस्तकातलं लिही रं. वहीत हे लिही. दोन्ही वह्या सांभाळ."

बाबांनी तो किस्सा गावभर सांगितला. मास्तर हरला आणि त्याने स्वतः फळ्यावर लिहिलं, याचं त्यांना भारी नवल वाटलं होतं.

मग आलं तिसरं वर्ष, समितीचं. समितीला दाखवायला भाताच्या चार वाणांचा प्रयोग करायचं ठरलं. दोन हळवे वाण, म्हणजे लवकर तयार होणारे, आणि दोन गरवे, उशिराचे. सोळा प्लॉट. कुठल्या प्लॉटमध्ये कुठला वाण हे आम्ही चिठ्ठ्या टाकून ठरवलं, कारण माणसाने ठरवलं की तो चांगल्या जमिनीत आवडतं बी टाकतो, असं सर म्हणायचे. प्रत्येक प्लॉटला पाटी, पाटीवर वाणाचं नाव, पेरणी, लावणी. रोपांच्या मुठींना सरांनी स्वतः बिल्ल्या बांधल्या आणि ज्या त्या प्लॉटच्या बांधावर ढीग लावले.

लावणीला शेजारच्या गावच्या बायका आल्या. त्यांची म्होरकी हिरामावशी. तिच्या हाताला असा वेग की आपण वाकेपर्यंत तिची ओळ संपलेली. निम्मी लावणी झाली आणि ऑफिसातून बोलावणं आलं, समितीचा कुठलासा फॉर्म आजच भरायचा होता. सर चिडचिड करत निघाले. जाताना मला म्हणाले, "भिवपुरी, तू इथे उभी राहा. मूठ इकडची तिकडे नाय झाली पाहिजे."

मला थोडा रागच आला. शेतकऱ्याच्या मुलीला लावणी काय सांगायची!

अकरा नंबरचा प्लॉट, गरवा. शेवटच्या कोपऱ्याशी मुठी संपल्या. हिरामावशीने मान वर केली.

"अगं पोरी, कोपरा उघडा ऱ्हातोय. त्या शेजारच्या मुठी दे दोन-तीन. तिकडं उरल्यात ढीगभर."

"मावशी, ते दुसरं भात आहे, हळवं."

"भात ते भात. उघडा कोपरा ठेवून आमी उठनार नाय हां. बगनारा काय बोलंल? कोनच्या हातची लावनी ही?"

आमच्या भागात खाचराचा कोपरा उघडा ठेवत नाहीत. रोप कमी पडलं तर शेजाऱ्याच्या बांधावरून उचलायचं, विचारायचंही नाही, पुढच्या वर्षी तो तुमच्याकडून उचलतो. आदल्याच आठवड्यात आई हेच करत होती आणि मी तिच्या हातात मुठी देत होते. वर्गात शिकलेलं सगळं डोक्यात होतं, पण हात घरचा होता. मी दहा नंबरच्या ढिगातून मुठी उचलल्या आणि टाकल्या. तीन. मोजून टाकल्या, कारण मोजायची सवय सरांनीच लावलेली. मनात म्हटलं, सर आले की सांगू.

सर आले ते अर्धा कप हातात घेऊन, घाईत, फॉर्मवर काहीतरी चुकलं म्हणून वैतागलेले. सोळा प्लॉटवरून नजर फिरवली आणि विचारलं, "झालं? नीट?"

"झालं सर," मी म्हटलं.

खोटं बोलायचं असं तेव्हा माझ्या मनात नव्हतं. पण ते तिथे राहिलं, आणि रोज थोडं थोडं जड होत गेलं. दुसऱ्या दिवशी सांगायला गेले तर सर पंपावर. तिसऱ्या दिवशी रविवार. मग वाटलं, एवढ्याशा कोपऱ्याने काय होतंय.

गणपतीच्या सुट्टीनंतर आम्ही परत आलो तेव्हा समितीला आठ दिवस होते. सर अकरा नंबरसमोर उभे होते. सगळा प्लॉट हिरवागार, ओंबीचा पत्ता नाही, आणि एका कोपऱ्यात भात निसवलेलं, ओंब्या बाहेर डोलतायत. हळवं भात गरव्यात. लांबून कोणालाही दिसावं असं. सरांचे ओठ हलत नव्हते. मी त्यांना इतकं स्थिर कधी पाहिलं नव्हतं आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

त्यांनी सगळ्यांना बांधावर बोलावलं. खुरपणीला आलेल्या बायकाही होत्या. सर हळू आवाजात म्हणाले, "ओरडणार नाय मी. कोणी केलं तेही नको. फक्त किती मुठी आणि कुठल्या ढिगातून, एवढं सांगा. हा कोपरा दिसला, कारण हळवं गरव्यात आलं. गरव्यात गरवं गेलं असेल तर ते कापेपर्यंतच काय, कापल्यावरही कळणार नाय. नक्की आकडा मिळाला तर एक प्लॉट गेला असं म्हणता येईल. नाय मिळाला तर सोळाच्या सोळा गेले."

म्हणजे सगळं माझ्या एका वाक्यावर होतं. तीन मुठी, दहा नंबरमधून. चार शब्दांचं वाक्य. मी आजूबाजूला पाहिलं. एकतीस चेहरे, आठ दिवसांवर समिती, आणि 'हिच्यामुळे' हे आयुष्यभर. मी खाली वाकून बांधावरचं गवत उपटत राहिले.

सर हिरामावशीकडे वळले. "मावशी, तुमच्या लक्षात आहे काय?"

मावशीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खुरपं चालवत म्हणाली, "आमाला काय म्हाईत मास्तर! आमी लावतो, वाचत नाय."

सर म्हणाले, "बरं."

प्राचार्यांचं मत अगदी सोपं होतं. "उपटून टाका हो तो कोपरा. कडेच्या ओळीतली रोपं आणून लावा. समिती काय कोपरे मोजत बसणार आहे?"

"समिती नाय मोजणार," सर म्हणाले, "मी मोजतो ना."

"परकार, बत्तीस मुलांचा प्रश्न आहे."

"म्हणूनच."

पाट्या रंगवायचं काम चौकचं, त्याचं अक्षर वळणदार. त्या दिवशी त्याने ब्रश हातात घ्यायलाच नकार दिला. मग सरांनी स्वतः ब्रश घेतला. त्यांचं अक्षर वेडंवाकडं. शेताच्या तोंडाशी, समितीची गाडी जिथे थांबणार तिथे त्यांनी पाटी ठोकली. 'प्रयोग रद्द. लावणीच्या वेळी वाणांची सरमिसळ झाली आहे. किती, ते माहीत नाही. जबाबदारी : परकार.'

नेरळ रडवेला झाला होता. "सर, आमच्या तीन वर्षांचं काय?"

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते पंपाकडे चालू लागले. मी मागे धावले. पंचवीस-तीस पावलं धावले. सर वळले, "काय गं?" मी म्हटलं, "काही नाही सर." माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब पावलं ती, आणि फुकट गेलेली.

समितीत तिघं होते. त्यातल्या छत्रीवाल्यांनी पाटी दोनदा वाचली.

"तुम्हीच लिहिलंत?"

"हो."

"पुसावी असं सुचलं नाही?"

"सुचलं," सर म्हणाले.

एक जण हसला. छत्रीवाले हसले नाहीत, पण शेरा तिघांचा मिळून आला. प्रयोगकामावर देखरेख नाही, पुढच्या हंगामात पुन्हा पाहणी, तोवर मान्यता नाही. त्या वर्षीची भरती आमच्या डोळ्यांसमोरून गेली. अर्जातला मान्यतेचा रकाना आम्हाला भरताच येईना.

मग बॅचच्या ग्रुपवर सरांबद्दल जे लिहिलं गेलं ते आठवलं तरी आज कानशिलं तापतात. स्वतःचा मोठेपणा मिरवायला आम्हाला बुडवलं इथपासून सुरुवात झाली आणि एक-दोघं त्यांच्या धर्मापर्यंत घसरले. मी सगळं वाचलं. वाचल्याची खूण सगळ्यांना दिसली असेल. लिहिलं मात्र काही नाही. सरांच्या तासाला मुलं बसेनाशी झाली. रिकाम्या वर्गाभोवती ते वळसा घालत, या दाराने बाहेर, त्या दाराने आत.

दसऱ्याच्या सुमारास हळवं आणि दिवाळीनंतर गरवं, असं करत सरांनी त्या सोळाही प्लॉटचं भात कापलं. हिरामावशी आणि तिच्या दोन बायका सोबत. प्रत्येक प्लॉटचं वेगळं झोडलं, तागडी झाडाला टांगून वेगळं वजन केलं आणि वहीत लिहिलं. आम्ही शेडच्या खिडकीतून बघत होतो. कोणीतरी म्हणालं, रद्द झालेल्या प्रयोगाची वजनं घेतोय, खुळा झालाय. सगळे हसले. मीही ओठ हलवले असतील.

उन्हाळ्यात त्यांचं कंत्राट पुढे चाललं नाही. निरोप समारंभ वगैरे काही झाला नाही. एका शनिवारी ते गेले, खिडकीत अर्धा कप राहिला, सोमवारी शिपायाने तो धुतला. पुढच्या हंगामात नवे सर आले, नवा प्रयोग झाला, समितीने मान्यता दिली. आमची पदवी खरी झाली.

आज आमची बॅच चहूकडे पांगली आहे. नेरळ एक वर्ष मागे पडला, पण झाला अधिकारी, विदर्भात असतो. चौकने रोपवाटिका काढलीय, फार्महाऊसवाल्यांना शोभेची झाडं पुरवतो. काही बँकेत, काही बियाणं कंपन्यांत, दोघी जणी शाळेत. शेती कोणी करत नाही. मी कृषी खात्यात गावपातळीवर आहे, कर्जतच्या आसपासची गावं माझ्याकडे. हंगामात पीक कापणीचे प्रयोग करते. कुठल्या शेतात कापायचं ते आधीच चिठ्ठीसारखं ठरून येतं, तिथे जाऊन चौकट आखायची, तेवढंच कापायचं, झोडायचं, वजन लिहायचं. त्या वजनावर अख्ख्या महसूल मंडळाचं उत्पन्न ठरतं.

गेल्या हंगामात नंबर आलेलं शेत आडवं पडलेलं होतं, ओंब्या चिखलात. सोबतचे सगळे म्हणाले, मॅडम, शेजारचं कापू, उभं आहे, कोण बघायला येतंय. मी त्याच आडव्या शेतात उतरले आणि कापलं. वजन लिहिलं ते पेन्सिलीने. सोबतच्या एकाने थट्टेने विचारलं, "हे कोणी शिकवलं हो तुम्हाला?" माझ्या तोंडून नाव बाहेर येईना. ज्या माणसाची नोकरी मी माझ्या गप्प बसण्याने खाल्ली त्याचं नाव मी कुठल्या तोंडाने घेणार होते? त्यानंतर मला चैन पडेना. जेवताना, बैठकीत, गाडी चालवताना, डोळ्यांपुढे तोच कोपरा. रविवारी सकाळी उठले आणि तडक मोहोपाडा गाठलं.

मेहुण्याचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, सर तिथेच असतात असं कळलं होतं. गल्ल्यावर मेहुणा होता. सर दुकानाबाहेर, एका शेतकऱ्याने आणलेलं वांग्याचं पान उन्हात धरून उलटंसुलटं करत उभे. केस पांढरे झालेत. कानावर पेन्सिल तशीच.

"ए भिवपुरी!" लांबूनच ओळखलं त्यांनी. "बाबा राब भाजतात काय अजून?"

चहा आला. सरांनी दोन घोट घेतले आणि कप पोत्यांच्या थप्पीवर ठेवला. मी ठरवून आलेलं सगळं विसरले आणि एकदम बोलून टाकलं, "सर, अकरा नंबरच्या कोपऱ्यात मुठी मी दिल्या होत्या."

का दिल्या, तेव्हा का नाही बोललीस, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही.

"किती?"

"तीन."

"कुठून?"

"दहा नंबरच्या ढिगातून. दुसरीकडे कुठे काही झालं नाही. मी पूर्ण वेळ बांधावर होते."

सर आत गेले. वरच्या फळीवरून, बियाण्यांच्या पाकिटांमागून त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही काढली. सोळा ओळी, सोळा वजनं, पेन्सिलीतली, एकही अक्षर पुसट नाही. त्यांनी अकराव्या ओळीभोवती गोल काढला. मग त्यांचे ओठ हलू लागले. मी हाक मारली नाही.

"म्हणजे पंधरा खरे होते," ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "पंधरा खरे होते गं."

मला रडू आवरेना. "सर, तुमची नोकरी गेली. मुलांनी काय काय लिहिलं. मी तेव्हा बोलले असते तर..."

"तर पाटीवर तीन मुठी लिहिलं असतं," सर म्हणाले. "बाकी काय."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कानावरची पेन्सिल वहीवर टेकवली. "नाव सांग."

"भिवपुरी, सर."

"गाव नको. नोंदीला नाव लागतं."

"सविता. सविता भोईर."

त्यांनी ते सावकाश, पूर्ण लिहिलं. मग वही पिशवीत घातली, पिशवी खांद्याला लावली आणि पायऱ्या उतरून स्कूटरकडे निघालेसुद्धा.

"हिरामावशी आहे ना गं अजून? तिलाही विचारायला हवं. एकाच्या सांगण्यावर नाय चालत."

"आहे सर. थांबा, मीही येते, घर दाखवते."

"घर माहीत आहे. तू नको येऊस." त्यांनी किक मारली. "तुझ्यासमोर ती परत तुला सांभाळून घेईल."

स्कूटर हायवेच्या दिशेने निघून गेली. मी पायरीवर तशीच उभी राहिले. परत, म्हणाले सर. त्या दिवशी बांधावर मावशीने माझ्याकडे पाहिलं ते त्यांनी पाहिलं होतं. मग पंपाकडे जाताना माझ्यासाठी थांबलेही होते, आणि त्याआधीच पाटीवर स्वतःचं नाव लिहून आले होते.

मेहुण्याने थप्पीवरचा कप उचलला, आत पाहिलं आणि मला म्हणाला, "तुमचा तरी प्या, गार होतोय."

मी प्यायले. पूर्ण.